अस्वल न आलेली रेकॉर्ड

बोरटोल्याच्या लटारू शाहिराची आयुष्यात एकच रेकॉर्ड निघाली आणि ती वाईट निघाली. हे सांगताना तो कधी आवाज खाली करत नसे. कोणी समजूत घालायला गेलंच तर म्हणे, "वाईट नाई जी, लय वाईट. मी सोता आयकली आहे."

एरवी त्याची दंडार, म्हणजे गाण्या-सोंगांचा रात्रीचा खेळ, वाईट नव्हती. चांदा जिल्ह्यात वैनगंगेच्या दोन्ही काठांवरून माणसं बंड्या जुंपून त्याचं 'अस्वल' बघायला येत. मोहफुलं खाऊन झिंगलेलं अस्वल पाटलाच्या घरात शिरतं आणि अंधारात सगळे त्यालाच पाटील समजून रामराम घालतात, एवढीच गोष्ट. पण लटारूचं अस्वल गुरगुरलं की पुढच्या रांगेतली शहाणी माणसं मागे सरकत. लटारूला स्वतःलाही आपण मोठे कलावंत आहोत असं वाटे. बायको मनकर्णा हे मत घरात टिकू देत नसे, म्हणून तो ते बाहेर बाळगे.

त्या साली घोर वेगळाच होता. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडार व्हायची ती गुणवंतरावांच्या वावरात. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन सहा-सात वर्षं झाली होती, मालगुजार मात्र शिल्लक होते. गुणवंतरावांनी उन्हाळ्यातच सांगून टाकलं, "यंदा नागपूरचं पडद्याचं नाटक आणावं म्हणतो."

लटारूच्या पायाखालची वाळू सरकली. वावर गेलं की मंडई गेली, आणि मंडई गेली की मंडळाला कोण विचारतो? नेमकं तेव्हाच मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचे लोक नागपुरात उतरल्याचं कळलं होतं. तो म्हणाला, "मालक, माझी रेकॉर्ड येऊ द्या. मंग ठरवा."

"बरं. रेकॉर्ड पटली तर वावर तुझं. नाई पटली तर नाटकाचं."

लटारूने घरी महिनाभर अस्वल कापून लहान केलं. रेकॉर्डच्या एका बाजूला तीनच मिनिटं मिळतात, असा निरोप आला होता. मनकर्णा म्हणाली, "एवढंसं? हे अस्वल नाई, मुंगूस झालं." पण बसलं. दोन्ही बाजूंना मिळून नीट बसलं. फक्त नमन त्याने धरलं नव्हतं. जेवायला किती वेळ लागतो ते सांगताना हात धुवायचा वेळ कोणी धरतं का?

छोट्या गाडीने मंडळ नागपूरला पोचलं. कंपनीच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगलेल्या होत्या. ढोलकीवाला मुखरू म्हणाला, "झोपाची सोय बेस आहे गा." काचेमागे बसलेल्या साहेबांनी बाहेर येऊन वेळ संपत आल्याची खूण करणारा एक दिवा दाखवला. "हा लाल झाला की समजून घ्या."

"समजलो जी," लटारू म्हणाला. आणि तो खरंच समजला होता, हीच पंचाईत.

दंडारीत दिव्याचा एक कायदा असतो. गॅसबत्तीतली हवा कमी झाली की उजेड तांबूस पडतो. तांबड्या उजेडात मुख्य गाणं सुरू करायचं नाही. बत्तीवाला हवा भरेपर्यंत नमन लांबवायचं. सोंग आलं आणि दिसलंच नाही, असं व्हायला नको.

लटारूने हात जोडले. गणपती झाला, शारदा झाली, गुरू झाले. मातामाय आणि वाघोबा झाले. मग गावची मोठी माणसं एकेक करून सुरू झाली, कारण सभेतल्या मानकऱ्यांना नमन केल्याशिवाय तोंड उघडणारा शाहीर लटारूने अजून पाहिला नव्हता. तेवढ्यात दिवा लाल झाला. साहेबांच्या बत्तीची हवा गेली, बिचारे एकटेच आहेत, असं मनात म्हणत त्याने नमनात शेजारचं गाव घातलं, त्याच्या शेजारचंही घातलं. गातागाता हाताने हवा भरायची खूणसुद्धा केली. साहेबांना तो अभिनय वाटला.

तीन मिनिटं संपली तसे साहेब घामाघूम बाहेर आले. "अहो, अस्वल कुठे आहे?"

"येऊन राह्यलं जी. तुमचा दिवा तांबडा झाला म्हनून थांबलं."

"दिव्याचं मी बघतो. दुसरी बाजू घेऊ. इथून पुढे चला."

लटारूचा जीव भांड्यात पडला. पण अर्धं नमन सोडून पुढे कसं चालणार? अर्ध्या गावाला हात जोडलेले आणि अर्ध्याला नाही. परत तर त्याच गावात जायचं होतं. त्याने उरलेल्या मानकऱ्यांना घाईघाईने, पण मान राखून घेतलं, शेवटी गुणवंतरावांना घेतलं आणि दणक्यात अस्वलाला हात घातला: "मोहाखाली कोन गा उभं..." एवढ्यात तबकडी संपली. बाहेर दुसऱ्या मंडळ्या ताटकळत होत्या. साहेब हताश होऊन म्हणाले, "आवाज उत्तम आहे."

मंडईच्या आधी रेकॉर्ड आली. वर 'अस्वलाची फजिती, भाग पहिला व दुसरा' असं ठसठशीत छापलेलं. ब्रह्मपुरीचे बाबूभाई लग्नकार्यात ग्रामोफोन आणि गॅसबत्त्या भाड्याने देत. ते ग्रामोफोन घेऊन गुणवंतरावांच्या ओसरीवर आले. भर दुपारी गाव जमलं. सुई टेकली. रामाजी कोतवालाचं नाव आलं तसा तो उठून उभाच राहिला. कलाबाईने सासऱ्याचं नाव ऐकून पदर डोक्यावर घेतला. दुसरी बाजू लागली, नावं येत राहिली. गुणवंतराव अस्वलाची वाट बघत मिशी पिळत होते.

"मोहाखाली कोन गा उभं..." आणि खरखर.

"कोन उभं?" गुणवंतरावांनी विचारलं.

बाबूभाईंनी तबकडी उचलून खालून पाहिली. "प्लेट खतम, मालक."

"आन् अस्वल?"

सगळी ओसरी लटारूकडे वळली. लटारूला कंपनीवर ढकलता आलं असतं, दिव्यावर ढकलता आलं असतं. त्याला डोळ्यांसमोर मंडईच्या वावरात लागलेला नाटकाचा पडदा दिसत होता. तो उठला. "मालक, अस्वल नागपूरले आलंच नाई. मी एकटाच गेलो होतो. इतकं नमन केलं का वाघोबालेबी झोप लागली असन."

आधी मुखरू हसला, मग सगळी ओसरी. गुणवंतरावांनी हसू मिशीत दाबलं.

"लटारू, मी नाटक काऊन आनत होतो माहीत आहे तुले? दरसाल तुहं नमन संपेस्तोवर माहे पाव्हने घोरून राह्यतेत. यंदा वावर तुहंच. पन नमन या डब्यानं करावं. तू यायचं ते अस्वल घेऊनच."

मंडईला दिवेलागणीलाच बाबूभाईंनी चावी भरली. लटारू अस्वलाची घोंगडी पांघरून, हात जोडून उभा राहिला आणि आपल्याच आवाजातलं नमन ऐकत राहिला. जोडलेल्या हातांचं पुढे काय करावं हे त्याला पहिल्यांदाच कळेना. आवाज खरंच उत्तम होता, हे त्याला थोडं लागलं. मग "मोहाखाली कोन गा उभं..." आलं, तबकडी संपली आणि अस्वलाने गुरगुरत उडी मारली. पुढची रांग मागे सरकली.

सगळं बेस चाललं होतं. पण अस्वल पाटलाच्या दारात पोचलं आणि बत्ती तांबूस झाली. बाबूभाई हवा भरायला धावले. लटारूने सवयीने नमनाकडे बघितलं, तर ते केव्हाच होऊन गेलं होतं. लांबवायला हातात अस्वलच उरलं होतं. त्याने ते लांबवलं. बत्तीची नळी तुंबलेली निघाली, म्हणून आणखी लांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामाजी कोतवाल मुद्दाम अंगणात आला.

"नमन अव्वल झालं गा, लटारूभाऊ. कुठी ढिलं नाई, कुठी लंबं नाई. अस्वल मात्र जराक लंबलं."

मनकर्णा आतून म्हणाली, "सांगा, सांगा. माहं तर कोनी आयकत नाई."

लटारूने घोंगडी वाळत घातली. "बराबर आहे तुमचं," तो म्हणाला. "आता अस्वलाचीबी रेकॉर्ड काढा लागते. मंग मी घरीच बसतो."