बिघडलेली रेकॉर्डिंगं

शुद्धलेखन चुकलं असेल, आणि अक्षर म्हणजे कुत्र्यामांजरांचे पाय. चौथीनंतर पेन धरला तो किराण्याच्या यादीपुरता. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण चुकून हाती लागलीच तर माफ करा.

आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, भाजीवाल्यांना, भंगारवाल्यांना टेम्पोच्या भोंग्यासाठी आवाज भरून द्यायचे. शिक्रापूर, सणसवाडीच्या कंपनी-कामगारांच्या खोल्यांपुढून फिरणाऱ्या कितीतरी टेम्पोंत अजून तेच ओरडतात. कामगार परगावचे, म्हणून हिंदीतही. त्याच कॉम्प्युटरवर ते लोकांची आधारकार्डं, पासबुकं छापून द्यायचे.

आवाज भरताना मध्येच खोकला यायचा, हसू फुटायचं, नाहीतर ते मलाच काहीतरी सांगायला लागायचे. असली बिघडलेली रेकॉर्डिंगं पुसायचं काम माझं. कॉम्प्युटरमधलं मला तेवढंच येत होतं. ते गेल्यावर मी उरलेली सगळी लावून ऐकली. सगळीकडे भोंग्याचाच आवाज. घरात बोलायचे तो आवाज मी रोज पुसत आले होते.

त्यांच्या आजारपणात दौंडच्या भावाकडून पैसे घेतले होते. शिवणकाम करून बरेचसे फेडले. उरलेल्यासाठी कॉम्प्युटर विकायचं ठरवलं, कारण दुसऱ्या दिवशी भावाच्या घराचा स्लॅब टाकायचा होता. शिरूरच्या दुकानदारानं गिऱ्हाईक बोलावून ठेवलं.

"काकू, आतली मोकळी जागापण पुसून काढतो," दुकानदार म्हणाला. "लोकांची आधारकार्डं व्हती ना यात?"

"ती तर कवाच पुसली."

"पुसलेलं जात न्हाई, काकू. नुसतं नाव जातं, माल तिथंच पडून ऱ्हातो. त्यावर दुसरं काय भरंस्तवर ज्याला येतं त्यो बाहेर काढतो."

दुकानात माणसं उभी होती. परक्यांसमोर माझी जीभ चहा नको म्हणायलासुद्धा वळत नाही. तरी विचारलं, "मग आवाजपण असतील?"

तो शोधत बसला. बिननावाची पुष्कळ निघाली, पण उघडेनात. शेवटी एक उघडलं.

"गवार, भेंडी, ताजी मेथी... अगं, दूध उतू चाललंय! कुठं हायस?"

दुकानातली माणसं हसली. गिऱ्हाईक म्हणालं, "कुणावर खेकसत्यात?"

"माझ्यावर," मी म्हणाले.

मग कुणी हसलं नाही. दुकानदारानं ते माझ्या मोबाईलमध्ये टाकून दिलं. "अजून सापडंल काकू, पण दोन-तीन दिवस मशीन हितं ठेवावं लागंल."

"मला आजच पायजे," गिऱ्हाईक म्हणालं. "न्हाईतर मी दुसरं बघतो."

लोकांची कार्डंही त्यातच होती. विश्वासानं दिलेली. मी म्हणाले, "पुसा."

पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. मोकळ्या जागेत नुसती शून्यं भरत जातात, असं त्यानं सांगितलं. चहा टाक, दार लाव, लाईट आली का बघ. त्यात त्यांच्या अशा किती हाका होत्या कोण जाणे. पट्टी भरेपर्यंत मी स्टुलावरून उठले नाही. मोबाईल मात्र मुठीत घट्ट धरून होते.

मग दौंडची एसटी धरली. भाऊ वाळूच्या ढिगाजवळ उभा होता.

"आक्का, एवढी घाई व्हय? मी काय पळून चाललो व्हतो?"

"तू न्हाई, सिमेंटवाला पळंल."

तो हसला. पैसे न मोजताच खिशात घातले आणि म्हणाला, "फिटलं सगळं."