विजयसिंहचं शून्य

भवानीनगरच्या तालमीत रडणाऱ्याला दुप्पट मार होता. विजयसिंह लहान असताना त्याची करंगळी मोडली. त्यानं हुंदका दिला, आणि वस्ताद दत्तोबांनी निरगुडीच्या फोकानं त्याची पाठ सोलून काढली. कान तर त्यांनीच मुठीनं ठेचून पैलवानाचे केले. पुढं विजयसिंहनं दुखलं म्हणायचं सोडलं. पंचक्रोशीत त्याचं नाव झालं ते त्यावरच.

भिगवणच्या मैदानात समोरच्या गड्यानं आधी त्याचं नाक फोडलं. मग उचलून आपटलं. पाठ मातीत आदळली आणि तो गडी सगळ्या वजनानिशी त्याच्या नडगीवर आला. काडकन आवाज झाला. पाऊल उलटं फिरलं. विजयसिंह ओरडला नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

बारामतीच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर रेश्मानं प्रत्येक पेशंटला विचारायचं तेच विचारलं.

"दहापैकी किती दुखतंय?"

"शून्य लिवा, बाई," दत्तोबा म्हणाले. "पैलवान हाय त्यो. बाळंतीण न्हाय."

दारात उभी तालमीतली पोरं हसली.

"तात्या, पाय कुणाचा मोडलाय? तुमचा? मग गप बसा." ती विजयसिंहकडं वळली. "तू सांग."

पाठीत आग होती. पण भीती वाटत होती ती पायाकडं बघून. नडगीचं हाड कातडं फाडून बाहेर आलं होतं, आणि तो पाय दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. नुसतं शून्य म्हटलं की वस्तादांची मान ताठ राहणार होती.

"शून्यच हाय," तो म्हणाला. "पर मी सोसत न्हाय, सिस्टर. मला पायच कळंनात."

रेश्मानं त्याच्या पायाच्या तळव्यात सुई टोचली. रक्त आलं. विजयसिंह छताकडं बघत होता.

"टोचा की," तो म्हणाला.

तिनं धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. त्याच दिवशी त्याला खासगी दवाखान्यात हलवलं आणि मोडलेल्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तिथल्या सिस्टरही पाळीपाळीनं तेच विचारायच्या, पायाच्या अंगठ्याचं नख दाबायच्या. तो शून्य सांगायचा. दत्तोबा भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे.

एका सकाळी नख दाबलं, तशी पायातून कुऱ्हाड घातल्यागत कळ गेली. विजयसिंह गुरासारखा ओरडला. लगेच सवयीनं त्यानं ओठ दातांत धरला. रक्त निघालं.

दत्तोबांनी त्याचा जबडा धरून तोंड उघडलं.

"वरड, लेकरा," ते म्हणाले. "वरड, न्हायतर फोक आणतो."