क्रॉसबोला खोबरेल

मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातली दोन वर्षं एकाच वर्गात. त्यामुळे मला कोणी सल्ला विचारला की मी आधी मागे वळून बघतो, दुसऱ्या कोणाला विचारतायत का. पण हरणाच्या शिकारीसाठी क्रॉसबो कुठला घ्यावा, असं मला अबुधाबीत विचारलं गेलं तेव्हा मी मागे बघितलं नाही. गाडी चालवत होतो.

विचारणारे आमचे अरबाब. इथे मालकाला अरबाब म्हणतात, आणि मी त्यांच्या घरचा ड्रायव्हर. सत्तरीला आलेले, स्वभावाने गोड. त्यांची हिंदी माझ्या हिंदीसारखीच आहे, त्यामुळे आमचं दोघांचं छान जमतं. तिसऱ्याला काही कळत नाही.

दरवर्षी नोव्हेंबरात ते आणि त्यांचे दोन भाऊ कॅनडात हरणाच्या शिकारीला जायचे. तिकडे परवाना काढून मारता येतं. अरबाब धनुष्यबाणवाले. मग एक दिवस घरातल्याच गालिच्यावर पाय सरकला आणि उजवा खांदा गेला. आत स्क्रू बसवले. डॉक्टर बोलला, धनुष्य खलास. त्या वर्षी भाऊ दोघेच गेले आणि तिकडून व्हिडिओ पाठवत राहिले. अरबाब हरणाचा व्हिडिओ एकदा बघायचे, आणि दोघे भाऊ शेकोटीजवळ बसून चहा पितायत तो परत परत.

मग कोणीतरी त्यांना क्रॉसबोचं सांगितलं. हे म्हणजे आडवं धनुष्य, त्याला बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा. दोरी एकदा मागे ओढून खटक्यात अडकवली की झालं, मग ताणून धरायला नको, खांद्याला त्रास नाही. फक्त ती एकदा मागे ओढायला लागते. सगळी गोम तिथेच होती.

मोठा मुलगा बँकेत साहेब आहे. घरची तिकिटं, डॉक्टर, सगळं त्याच्या हातात. इथे बापाला यबा म्हणतात. तो बोलला, "यबा, माझ्यासमोर एकट्याने दोरी चढवून दाखवा. चढली तर तिकीट काढतो. नाही चढली तर यापुढे घरात कॅनडाचं नाव नाही."

अरबाबांनी कबूल केलं. दुसरं काय करणार. बापाच्या गुडघ्याच्या गोळ्यासुद्धा त्याच्याच कपाटात.

आता यात मी कुठून आलो? मागे एकदा सिग्नलला गाडी थांबलेली असताना मी त्यांना सांगितलं होतं की आमच्या कोकणात शिमग्याला पारध असते, अख्खा गाव रानडुकराच्या मागे रानात जातो, आणि मीपण जायचो. यातला शब्द न् शब्द खरा. मी लहान होतो आणि माझ्याकडे डालडाचा रिकामा डबा दिलेला असायचा. तो बडवत पुढे जायचं, म्हणजे डुक्कर उठतं. मी तो झाडावर बसून बडवायचो. डुक्कर मी आजपर्यंत बघितलेलं नाही, एकदा आवाज ऐकलाय. पण सिग्नल सुटला, आणि झाडाचं सांगायचं राहिलं. तेव्हापासून अरबाब मला गन्नास म्हणायला लागले. गन्नास म्हणजे शिकारी.

"यल्ला गन्नास," बोलले, "तुम चलो. तुम देखो."

शिकारीच्या सामानाच्या दुकानात सेल्समन केरळचा होता. त्याने टेबलावर तीन क्रॉसबो मांडले आणि अरबाबांना माहिती द्यायला लागला. अरबाब बोलले, "इसको बोलो. ये शिकारी है." तो मला सांगायला लागला.

मी तिन्ही उचलून बघितले. कुदळ असो की कुकर, आम्ही वस्तू घेताना आधी वजन बघतो. जड ती टिकाऊ. मी सगळ्यात जड होता त्याच्यावर हात ठेवला.

सेल्समन बोलला, "भाईसाब, हे घेऊन साहेबांना थंडीत अर्धा दिवस बसायचंय. खांद्याचं ऑपरेशन झालंय ना?"

मी बोललो, "ठीक है, हलका दो. लेकिन ताकद जास्त पाहिजे. हिरन भाग जाएगा."

"हा दोनशे पाउंडचा आहे."

"इससे बडा नहीं?"

मला वाटलं, दोनशे पाउंड ते हरणाला बसणार. ते आधी आपल्याला ओढायला लागतात, ही माहिती मला तिथे उभ्या उभ्या मिळाली. पुढे एक कडी असते, तिच्यात पाय घालून क्रॉसबो जमिनीवर दाबून धरायचा आणि वाकून दोन्ही हातांनी दोरी वर खेचायची. मी पाय घातला, वाकलो, खेचली. दोरी अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली. वर येईना. खाली सोडायची म्हटली तर सेल्समन ओरडला, "छोडना नहीं! छोडना नहीं!" मग मी तसाच राहिलो. कोणी देवळात नमस्कारासाठी वाकलाय आणि देवाने उठूच दिलं नाही, असा. शेवटी सेल्समन मागून आला, माझ्या हातावर हात धरून त्याने दोरी हळूहळू खाली नेली. मी सरळ झालो, पण पूर्ण नाही.

अरबाब माझ्याकडे बघत होते. हसले नाहीत. मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, आणि खांद्यात स्क्रू नाहीत. माझी जी अवस्था झाली ती बघून त्यांना डोळ्यासमोर मुलगा आणि त्याची अट दिसत होती.

तेव्हा सेल्समनने खरी वस्तू काढली. एक दोर, त्याला दोन आकडे आणि दोन मुठी. आकडे दोरीत अडकवायचे आणि मुठी धरून खेचायचं, वजन निम्मं होतं. दुसरं एक यंत्र होतं, हँडल फिरवत बसलं की दोरी आपोआप मागे येते. मी बोललो, अरबाब, हेच घ्या. अरबाबांनी ते हँडल दोनदा फिरवलं आणि खाली ठेवलं.

"ये कीमा का मशीन है," बोलले. "भाई लोग देखेगा, हसेगा."

म्हणजे दोर ठरला. क्रॉसबो सेल्समननेच निवडला. दीडशे पाउंडचा, हलका, आणि रुंदीला कमी, म्हणजे झोपडीत लपून बसलं तरी धनुष्याच्या दोन बाजू कुठे आपटायला नकोत. मी प्रत्येक गोष्टीला "बराबर है" बोललो. वर दुर्बीण बसवली. बाजूला बाणांचा भाता. दोरीला लावायचं मेण. सरावाचे बाण वेगळे आणि शिकारीचे वेगळे, शिकारीच्या बाणाच्या तोंडाला ब्लेडसारखी पाती. तो बोलला, शार्प आहे. आता आमच्याकडे कोयता घेताना धार अंगठ्याने बघतात. मी बघितली. शार्प होती. सेल्समनने खणातून पट्टी काढून दिली, शोधायला लागली नाही त्याला.

रात्री बायकोला फोनवर पट्टी दाखवायची नव्हती, पण दिसली.

"अहो, काय झालं अंगठ्याला?"

"हरणाचा बाण लागला."

"तिकडे हरणं बाण मारतात?"

मी सगळं सांगितलं. ती बोलली, "घरात उंदीर निघाला की तुम्ही खुर्चीवर चढता. त्या म्हाताऱ्या माणसाला कशाला नादी लावताय? त्यांच्या मुलाने काढून टाकलंन तर?" मी बोललो, नेटवर्क जातंय. नेटवर्क चांगलं होतं.

शहराबाहेर अल ऐनच्या रस्त्याला अरबाबांचा मळा आहे. खजुराची झाडं, थोडे उंट. तिथे आम्ही फोमचं हरीण उभं केलं आणि सराव सुरू झाला. मी खुर्ची मांडायचो, पाणी ठेवायचो आणि "शाबास" बोलायचो. शिकारी म्हणून माझं काम एवढंच. अरबाब कडीत पाय घालायचे, बिस्मिल्ला बोलायचे आणि खेचायचे. पहिल्या आठवड्यात दोरी बोटभर हलायची. मग वीतभर. प्रत्येक वेळी चेहरा असा व्हायचा की मी दुसरीकडे उंटांकडे बघायचो. एका संध्याकाळी खट् असा आवाज आला. अरबाबांनी दोरीला हात लावून बघितला, खरंच अडकली आहे का. अडकली होती. त्यानंतर कधी चढायची, कधी नाही. मुलगा शनिवारी बघायला येणार असं ठरलं.

शनिवारच्या आधी खंडेनवमी आली.

मी दरवर्षी गाडीला हार घालतो. अरबाबांना माहीत आहे, ते त्याला गाडीचा बर्थडे म्हणतात. पण या वर्षी घरात खरं शस्त्र होतं. आमच्याकडे गावाला शस्त्रपूजा म्हणजे कोयता, विळी, कुऱ्हाड आणि एका वर्षी भावाचा स्क्रूड्रायव्हर. आयुष्यात पहिल्यांदा पूजेला धनुष्यबाण मिळत होता. मी अरबाबांना विचारलं.

ते थोडा विचार करून बोलले, "फूल ठीक. लाल कलर नहीं."

त्यांच्या धर्माचं तेही बरोबर. मी झेंडूची दोन फुलं ठेवली. पण हळद नाही, कुंकू नाही, नारळ फोडायचा नाही, अशी पूजा मला उपाशी वाटायला लागली. शस्त्राला काहीतरी द्यायला पाहिजे. गावाला हत्यारं पुसून त्यांना तेलाचा हात फिरवतात. मी खोलीतून खोबरेल आणलं. दोरीला लावलं, दोरी ज्यांच्यावरून फिरते त्या टोकाच्या छोट्या चाकांना लावलं. त्या दोराच्या मुठी कोरड्या दिसत होत्या, त्यांनाही चोळून चोळून लावलं. हात जोडून बोललो, अरबाबांचं काम होऊ दे.

शनिवारी मुलगा आला. गॉगल, इस्त्रीचा कंदुरा, म्हणजे इथला पायघोळ पांढरा झगा, उन्हात उभा. अरबाबांनी कडीत पाय घातला, आकडे लावले, मुठी धरल्या. बिस्मिल्ला. खेचलं, आणि दोन्ही मुठी साबणासारख्या हातातून निसटल्या. अरबाब दोन पावलं मागे गेले. मी धरलं म्हणून पडले नाहीत. निदान गालिचा तरी नव्हता.

अरबाबांनी तळहात बघितले. मुलाने जवळ येऊन वास घेतला.

"कोकोनट?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. तिथे खोबरेल लावणारा दुसरा माणूस नव्हता. उंट होते.

मी बोललो, "पूजा का है साब. ताकद के लिए." रुमाल काढून पुसायला लागलो. पुसलं तसं आणखी पसरलं, कारण रुमालही मी डोक्याला लावतो तोच.

मुलगा बोलला, "यबा, खलास. आणि हे घेऊन जाणार कुठे? एक मैलावरून हरणाला वास येईल."

अरबाब बोलले, "कॅनडा का हिरन नारियल कभी देखा नहीं. देखने को आएगा."

मुलगा हसला नाही. त्याला बापाची काळजी होती, ते दिसत होतं. नुसता नाही म्हणायला आला असता तर एवढ्या उन्हात उभा राहिला नसता. तो बोलला, "इथे पातळ कपड्यात जमत नाही. तिथे उणे दहामध्ये जाड जॅकेट घालून, हातमोजे घालून कसं करणार? सांगा ना."

अरबाब बोलले, "लाओ."

"काय?"

"जॅकेट लाओ. ग्लव्ह लाओ."

साध्या हाताने नाही चढली, आता हातमोज्यात कुठून चढणार. मुलालाही तेच वाटलं असणार, म्हणून तर तो निमूटपणे गाडीकडे गेला. दुबईला मॉलमध्ये खोटा बर्फ आहे, त्याच्यात घसरायला जातात त्याची बॅग त्याच्या डिकीत होती. जॅकेट निळं, गुडघ्यापर्यंत. हातमोज्यांना तळव्याला रबर.

त्या उन्हात अरबाबांनी कंदुऱ्यावर जॅकेट चढवलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. हातमोजे घातले. मुठी धरल्या. मी डोळे मिटले. मी देवाला बोललो, पूजा तुझी केली, तेल तुला लावलं, आता तू बघ.

खट्.

डोळे उघडले तर दोरी खटक्यात. रबराने तेलाची मूठ घट्ट पकडली होती. मुलगा वाकून दोरी बघत होता, एका बाजूला कमी आहे का, दुसऱ्या बाजूला जास्त आहे का. दोन्हीकडे सारखी होती. अरबाबांनी बाण लावला, दुर्बिणीतून बघितलं आणि घोडा ओढला. बाण फोमच्या हरणाच्या मागच्या पायात गेला. पण नेमाबद्दल अटीत काही नव्हतं, आणि मुलगा बँकेतला, अटीत नसलेलं तो बोलत नाही. त्याने गॉगल काढून डोळे पुसले, घाम असेल, आणि फोनवर तिकीट बघायला लागला.

"आयल सीट पाहिजे ना, यबा? पाय लांब करायला?"

"खिडकी," अरबाब बोलले.

ते खुर्चीवर बसले. तोंड लाल झालं होतं, दाढीतून घाम गळत होता. मी धावत पाणी आणलं आणि जॅकेटच्या चेनला हात घातला.

"अरबाब, निकालो. बहुत गरम है."

त्यांनी माझा हात बाजूला केला. दोन्ही हातमोजे एकमेकांवर चोळले आणि तोंडाजवळ नेऊन त्यांच्यात फुंकर मारली.

"अभी नहीं," बोलले. "आदत डालता है."