लायसन त्याचं, पिशवी माझी

चार वर्षं माझी लेक माहेरी आली नाही, आणि का आली नाही हे विचारायला मला सत्तरीत विमानात बसावं लागलं. हे आधी सांगून टाकलं. आता नमस्कार.

दर वर्षी नवं कारण. कधी आर्याची परीक्षा, कधी तिकिटं महाग, कधी जावयाला रजा नाही. आर्या माझी नात, आता दहा वर्षांची. मनीषा, म्हणजे तिची आई, माझी लेक, फोनवर तासभर बोलेल, पण जुलैच्या सुट्टीचं काढलं की तिच्याकडे कुकरची शिट्टी होते. अबूधाबीत दिवसाला किती कुकर लावतात कोण जाणे. शेवटी म्हटलं, मीच जाते. जुलैत नातीला गावी पाठवायचं कबूल करून घेतल्याशिवाय परत यायचं नाही. उंच इमारती आणि मॉल हे वरचं.

माझं शिक्षण चौथी. मी मोबाईलवर बोलते, तो लिहून घेतो. चुका त्याच्या, मतं माझी.

सोबतीला मुलगा दिलीप. त्याचा खडी क्रशर आहे. आठ वर्षांपूर्वी धंद्यातल्या एकानं त्याची गाडी अडवून दम दिला, तेव्हा त्यानं पिस्तुलाचं लायसन काढलं. दम देणारा मधुमेहानं जाऊन तीन वर्षं झाली, पिस्तूल अजून कमरेला आहे. शर्टाच्या आत, कुणाला दिसत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यालाही तेच हवं असतं. लग्नात, देवाला, धरणावर बोटीत, पोरांना बाग दाखवायला, कुठंही जा, ते बरोबर.

परदेशात नेता येत नाही म्हणून त्यानं ते तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा केलं आणि पावती घेतली. मग खसखशीची भीती धरली. हे मात्र जाणाऱ्यांनी खरंच लक्षात ठेवा, खसखस तिकडे चालत नाही, मसाल्यातलीसुद्धा नाही. माझे अनारसे त्यानं बिनखसखशीचे करायला लावले. पिस्तूल घेऊन देवळाच्या रांगेत उभा राहणारा माणूस अनारशाला घाबरला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मुंबईहून विमान तीन तासांचं. खिडकीची जागा मागून घेऊ नका, खाली समुद्र आणि मग वाळू, दोन्ही एकसारखंच. जावई, प्रशांत, न्यायला आला. तो मुसफ्फाहच्या, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या भागातल्या, वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे, राहायला जवळच मोहम्मद बिन झायद सिटीत. नाव ऐकून मला वाटलं शहर असेल. मोठमोठे बंगले आहेत, आणि एकेका बंगल्याचे आठ-दहा तुकडे करून भाड्यानं दिलेले. मनीषाच्या वाट्याला दोन खोल्या, दारात सगळ्यांच्या चपला. पण स्वच्छ. तिनं मला वाकून नमस्कार केला, चहा दिला, आणि माझी पिशवी उचलून कपाटावर ठेवली, वर, पोरीचा हात पोचणार नाही अशी. मी म्हटलं, अगं त्यात लाडू आहेत तिच्यासाठी. म्हणाली, “मी काढून देईन.”

पहिले दोन दिवस मी हेच बघत होते. आर्या माझ्याशी चांगली बोलायची, मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, दोघींचं भागायचं. पण पिशवीत हात घालायची नाही. शेंगदाण्याची चिक्की घे म्हटलं की लांब उभी राहून म्हणायची, “यू गिव्ह, आजी.” मला वाटलं, पोरीला माझ्या हातची किळस येते. मन खट्टू झालं, आणि मी मनीषाला दोन शब्द लावलेही, की लेकरांना काय शिकवता तुम्ही इथं. तिनं उठून कुकर लावला.

तिसऱ्या दिवशी दुबई. प्रशांतची गाडी, दीड तासाचा सरळ रस्ता, मध्ये टोलच्या कमानी, थांबायचं नाही, पैसे आपोआप कापतात. वाटेत कडक चहा दोन दिरहमला, म्हणजे आपले पन्नास रुपये, पण पन्नास रुपयांच्या लायकीचा आहे. एका मॉलमध्ये बर्फ केलाय, खराखुरा. माणशी दोनशेच्या वर दिरहम, पाच हजार रुपये झाले. अंगावरचा कोट त्यातच मिळतो, हातमोजे घरून न्या.

सबंध रस्ताभर दिलीपचा हात दर पाच मिनिटांनी कमरेवर जाई आणि रिकामा परत येई. प्रशांतला म्हणाला, “दाजी, इथं लायसनवाल्याला आत सोडत असतील ना?” प्रशांत म्हणाला, “दादा, तुमचं लायसन इथं नुसता कागद आहे. असलं काही सापडलं तर माणूस खलास. विषयच काढू नका.”

विषय काढायची गरजच पडली नाही. मॉलच्या दारावर त्या दिवशी सगळ्यांची तपासणी होती. मशीनमधून जाताना दिलीपचा पट्टा वाजला. केनियाची एक उंच मुलगी होती ड्युटीवर, तिनं हात वर करायला सांगितले. दिलीपला वाटलं आपण चोर नाही हे दाखवावं. त्यानं खिशातून लायसनचं पुस्तक काढलं आणि तिच्यापुढे उघडून धरलं. इकडे आपल्या गावात पुस्तक दाखवलं की हवालदार चहा मागवतो, तीच सवय. पुस्तकात फोटो, शिक्का, आणि इंग्रजीत पिस्तुलाचा नंबर. त्या मुलीनं तेवढं वाचलं आणि तिचा चेहराच बदलला. वायरलेसवर काहीतरी बोलली. आम्हाला बाजूला एका खोलीत घेतलं.

प्रशांतला घाम फुटला. त्याचा व्हिसा, त्याची नोकरी, पोरीची शाळा, सगळं त्या दोन मिनिटांत त्याच्या तोंडावर लिहिलेलं दिसलं मला. केरळचा एक साहेब आला, हिंदी बोलणारा. त्यानं शांतपणे विचारलं, दिलीपनं पावती दाखवली, ती मराठीत. मी मध्ये पडले. म्हटलं, “साहेब, हा मूर्ख आहे, पण रिकाम्या हातानं आलाय.” साहेब हसला नाही. म्हणाला, सामान खाली करा.

सगळ्यांच्या पिशव्या टेबलावर उलट्या केल्या. माझीही. लाडूचा डबा, चिक्की, गोळ्या, टॉवेल, जपाची माळ. आणि काय सांगू, आत काही नाही हे माहीत असूनही टॉवेलाची घडी उलगडली तेव्हा मी डोळे मिटले.

उघडले तर आर्या टेबलापाशी आलेली. माझी पिशवी दोन्ही हातांनी फाकवून ती तळापर्यंत बघत होती. मग आईकडे वळून म्हणाली, “इट्स एम्प्टी, मम्मा.”

एवढं इंग्रजी मला येतं. रिकामी आहे. आणि तिला त्यात काय असेल असं वाटत होतं, तेही मला त्याच वेळी कळलं.

चार वर्षांपूर्वी जुलैच्या सुट्टीत आम्ही सगळे गावाजवळच्या पाण्याच्या पार्कात गेलो होतो. घसरगुंड्यांवर पिस्तूल नेता येत नाही, आणि तिथल्या लॉकरवर दिलीपचा विश्वास नाही. मग त्यानं नेहमीचंच केलं. टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीत घातलं. चपला, पाण्याच्या बाटल्या, लोकांचे मोबाईल, आणि ते. देवळात हेच, बोटीत हेच. म्हातारीची पिशवी कोण तपासतो? दारावरच्या बाईनं तपासली खरी. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून तिनं माझ्या पुऱ्या काढून ठेवून घेतल्या. टॉवेलाला हात लावला नाही.

मी बाकावर बसले होते. आर्या सहा वर्षांची, भूक लागली म्हणून आली आणि तिनं पिशवीत हात घातला. मी वळून बघते तर टॉवेल खाली आणि ते तिच्या दोन्ही हातांत, तोंड माझ्या पोटाकडे. भरलेलं होतं. मी हिसकावलं, तिच्या हातावर चापट मारली आणि दम भरला, आईला सांगायचं नाही. मग आइस्क्रीम घेऊन दिलं. घरी आल्यावर मी ती गोष्ट डोक्यातून काढून टाकली. खोटं कशाला सांगू, काढून टाकली.

तासाभरानं आम्हाला सोडलं. साहेबानं पुस्तक प्रशांतच्या हातात दिलं, दिलीपच्या नाही. पोरीला बर्फात नेलं, कोट घालून ती खेळली. मी आणि मनीषा काचेबाहेर बसलो. मी म्हटलं, तुला माहीत आहे.

“दोन महिन्यांनी सांगितलं तिनं,” मनीषा म्हणाली. “शाळेत बाईंनी शिकवलं, मोठ्यांनी लपवायला सांगितलेलं आईला सांगायचं. रडत सांगितलं. आपलं काहीतरी चुकलं असं वाटत होतं तिला.” दिलीपला मनीषानं तेव्हाच फोन केला होता. तो हसला, म्हणाला सेफ्टी लावलेली होती.

“मग मला का नाही विचारलंस?”

“तू सांगशील म्हणून थांबले, आई. चार वर्षं थांबले.”

मग तिनं तिचं म्हणणं एका वाक्यात सांगितलं. पोरगी जुलैत येईल, महिनाभर राहील, पण तेवढे दिवस ते घरात, गाडीत, कमरेला, कुठंच नको. विमानासाठी जसं जमा केलं तसंच जमा करायचं.

शेवटचा फिरायचा दिवस खोर फक्कानचा. शारजाहवरून डोंगर फोडून रस्ता केलाय, एकामागून एक बोगदे. सकाळी लवकर निघा, डोंगरावर ऊन आलं की नुसता भट्टीतला दगड. पलीकडे समुद्र, एका बाजूला बंदराच्या क्रेन, एका बाजूला पोरांना पोहायला वाळू. कपडे बदलायची सोय आहे. भाजलेला मासा छान, मसाला आपणच बरोबर न्यावा.

तिथं वाळूत बसून मी आर्याला सांगितलं. मी तुला मारलं, तुझा काही दोष नव्हता. मी खोटं बोलायला लावलं, ती चूक माझी. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ओके.” गळ्यात वगैरे पडली नाही. का पडावी? मग ती मामाकडे गेली. तो गुडघाभर पाण्यात उभा होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पुरं वाक्य मराठीत बोलली, बहुतेक त्याला नीट कळावं म्हणून.

“मामा, मी आले की ते जमा करशील?”

दिलीप म्हणाला, “बघू या.” आणि तिला लाटेत उचलून घ्यायला गेला. ती बाजूला झाली.

परत आलो त्याला तीन आठवडे झाले. मुंबईहून गावाकडे येताना घर अर्ध्या तासावर होतं, दिवसभराच्या प्रवासानं माझी कंबर धरली होती, बसवत नव्हतं. दिलीपनं गाडी आधी पोलीस ठाण्याकडे घेतली. पावती दिली, ते घेतलं, कमरेला लावलं, आणि गाडीत बसून मोकळा श्वास सोडला. दहा दिवसांत त्याला एवढा खूश मी पाहिला नव्हता. मी तिथंच सांगितलं, यापुढे माझ्या पिशवीत तुझा रुमालसुद्धा येणार नाही.

ती सहल करावी का, असं कुणी विचारलं तर करावी. रस्ते चांगले, लोक रांगेत उभे राहतात, बर्फ बघण्यासारखा आहे. पण मी ज्या कामाला गेले होते ते झालेलं नाही. परक्या देशाच्या भीतीनं त्यानं ते दहा दिवस खाली ठेवलं. भाचीसाठी एक महिना ठेवायचं तर त्याला विचार करावा लागतोय.

मनीषा रविवारी फोन करते. आर्या मागून एवढंच विचारते, मामा काय म्हणाला. मी माझ्या वाट्याचं उत्तर समुद्रावर देऊन आले. आता सुनेनं नवऱ्याची बाजू घेऊन मला समजवायला येऊ नये, प्रशांतनं जाऊ द्या म्हणू नये, आणि वाचणाऱ्यांनी खाली कमेंटमध्ये लायसनचे कायदे लिहू नयेत. दिलीप, हे तू वाचशीलच. रविवारी फोन तू उचलायचा. उत्तर तू द्यायचं, आर्यालाच द्यायचं, आणि बघू या म्हणायचं नाही.