बंकरमधली गिनती

जम्मूच्या सीमेवर आमच्या कंपनीचं पोस्टिंग होऊन दीड वर्ष झालं होतं. मी हवालदार, नाईक विजय सोनवणे माझ्या हाताखाली. तो चोपड्याचा, मी पारोळ्याचा. लंगरच्या डाळीला दोघंही सारखीच नावं ठेवायचो आणि दोन-दोन वाट्या प्यायचो.

मे महिन्याच्या सुटीत तीन जवानांची कुटुंबं मागच्या तळावर राहायला आली. तळ तोफेच्या टप्प्याबाहेर आहे, अशी आमची समजूत होती. विजयची बायको रेखावहिनी सुरतेच्या घरीच थांबली, तिचे वडील आजारी होते. त्यांची तेरा वर्षांची मयूरी दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर हट्टाने आली.

पोरगी बापाच्या वरताण निघाली. रोज सहाला सगळ्या मुलांना रांगेत उभं करायची आणि विजयला सॅल्यूट ठोकायची. ‘सात हजर, सर!’ विजय खोटा राग आणून म्हणायचा, ‘बूट कुठे आहेत?’ मग सगळी आपापल्या चपलांकडे बघत खिदळायची.

एका सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पहिला गोळा पडला. आम्ही बायका-मुलांना बंकरमध्ये घेतलं. धुरळ्याने कुणाचं तोंड दिसत नव्हतं. बायका छातीशी पोरं धरून खाली बसल्या होत्या. मी रेडिओ सेटवर, विजय दाराशी.

‘फॅमिलीज का काउंट बताओ. ओव्हर.’

मी ओरडलो, ‘मयूरी, मुलं किती?’

‘सहा!’

‘सात हवीत.’

विजय म्हणाला, ‘मी आणतो.’

मी त्याचा सीनियर होतो. ‘थांब’ म्हणायला एक सेकंद पुरला असता. मी म्हणालो नाही. सात एकोणीसला दुसरा गोळा कुटुंबांच्या खोल्यांसमोर पडला.

सेट बाजूला ठेवून मी स्वतः मोजलं. माझं बोट सातव्या मुलावर गेलं, ती मयूरी होती. तिने स्वतःला धरलंच नव्हतं. तिला ते त्याच क्षणी कळलं. ती माझ्या बोटाकडे बघत राहिली.

चौकशीत मी लिहून दिलं, ‘मुलाच्या शोधात बाहेर पडला.’ ते खरंच होतं. गिनती कुणी दिली ते लिहिलं नाही. पोरीला वाचवलं, असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. आता सुरतेत, पांडेसऱ्यात एका कापडाच्या प्रोसेसिंग मिलच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. घर लिंबायतला, विजयच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. रेखावहिनी घरीच साड्यांवर टिकल्या लावायचं काम करते. चौकात गल्लीतल्या लोकांनी विजयचा मोठा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, ‘मुलाला वाचवताना वीरमरण.’ मयूरी शाळेत त्याच्यासमोरूनच जाते.

ती पंधरा वर्षांची झाली. गणितात पहिली येणारी पोर, सहामाहीला कोरा पेपर देऊन आली. शिक्षकांनी विचारलं तर म्हणाली, आकडे डोक्यात थांबत नाहीत. मी विचारलं, ‘बेटा, अभ्यास कसा चाललाय?’

‘चालू छे, काका.’ एवढंच, तेही दाराकडे बघत.

फौजेत रायफलला घाबरलेल्या रंगरुटाला दुसऱ्याच दिवशी पुन्हा रेंजवर उभं करतात. मी बावीस वर्षं तेच केलं होतं. तिच्या शाळेत हवाई हल्ल्याच्या मॉक ड्रिलसाठी माजी सैनिक म्हणून मला बोलावलं, तेव्हा मी तेच करायचं ठरवलं. आपली अक्कल मिलच्या गेटवरच ठेवून गेलो असेन. वर्गाची गिनती मी मुद्दाम मयूरीला दिली.

अकराला सायरन वाजला. मुलं बेंचखाली गेली. मयूरीने सगळ्यांना कानांवर हात ठेवायला आणि तोंड उघडं ठेवायला सांगितलं. विजयने शिकवलेलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

तिने मोजलं, एक्केचाळीस. परत मोजलं, एक्केचाळीस. ऑल क्लियरचा सायरन झाला, मुलं मस्ती करत मैदानात पळाली. ती रिकाम्या बेंचांमधून बोट फिरवत मोजतच राहिली. मी जवळ जाऊन म्हणालो, ‘बस्स, बेटा. सगळे आहेत.’

ती म्हणाली, ‘काका, मला धरून की सोडून?’

मी जमिनीवर बसलो. म्हणालो, ‘चूक माझी होती. विचारलं मी. त्याला जाऊ दिलं मी.’

‘तुम्ही नुसतं विचारलं. सांगितलं मी.’ मग म्हणाली, ‘मम्मीला सांगू नका.’

मी तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंना मात्र तिने माझ्यादेखत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे आईपासून लपवत ती बरी व्हायची नाही, पण सांगायचं तिनेच, तिला जमेल तेव्हा. दर शनिवारी मी तिला तिथे नेतो. आईला वाटतं, गणिताचा क्लास आहे. गोळा पडला की काय करायचं ते मला माहीत आहे. या पोरीचं काय करायचं, ते मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात विजयची पुण्यतिथी झाली. गल्लीतली माणसं हार घालून गेली. आम्ही तिघंच उरलो. रेखावहिनी फोटो पुसत आपल्या अहिराणीत म्हणाली, ‘भाऊ, आते ते पोर केवढं व्हयी गयं व्हई! एकदाव देखनं शे माले. मना धनीनी त्याना करता जीव दिधा. नाव काय व्हतं त्यानं?’

मयूरीचा हात ताटातल्या फुलांवर थांबला.

मी म्हणालो, ‘नाव विसरलो, वहिनी.’

‘असं कसं विसरनात, भाऊ?’ ती हसली आणि मयूरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, ‘त्यानी माय तरी सुखी व्हई.’

मयूरी आईच्या हाताखालून हलली नाही. मी फोटोसमोर सावधान उभा राहिलो. नाईक विजय सोनवणे, वय सदतीस. कुणाचं मूल बाहेर राहिलंय, हे त्याने विचारलंसुद्धा नव्हतं.