वीराचं तोंड

धाकट्या दिरांचा एकही फोटो घरात नव्हता. ते बिनलग्नाचेच पंचगंगेत बुडाले. तेव्हा मी या घरात आले नव्हते. घाटावर राहिलेल्या त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक जाड, हिरवट काळं नाणं निघालं. ब्रह्मपुरीच्या टेकडीच्या बाजूला पाया खणताना त्यांना ते सापडलेलं. एका अंगाला कुरळ्या केसांचं, सरळ नाकाचं तोंड, दुसऱ्या अंगाला हातात शिंग धरून उभी बाई.

बिनलग्नाचा माणूस गेला की देवघरात त्याचा वीर बसवतात, चांदीच्या टाकावर तोंड उठवून. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सोनाराकडे गेल्याच नाहीत. पोरानं आपलं तोंड आपणच आणून ठेवलंय म्हणाल्या. नाणंच देवात बसलं. ओल्या फडक्यानं पुसायचं काम त्यांचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली असतील. नवरात्राच्या तोंडावर त्या गारगोटीला लेकीकडे गेल्या आणि देव घासायचे माझ्यावर आले. सगळ्या देवांबरोबर मी वीरालाही चिंच, मीठ आणि राख लावली. इतका हिरवा कळकलेला देव बघून बायका काय म्हणतील, एवढंच मनात. हिरवं सुटलं, तसं नाकही सुटलं. केसही गेले. मागची बाई तेवढी राहिली.

आत्याबाई आल्या. मी बोलले नाही. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यांना कळलं नाही. रोज आंघोळीनंतर त्या नाण्यावरून अंगठा फिरवायच्या. मी चुलीकडे तोंड करून बसायची, तरी पाठीला तो अंगठा जाणवायचा.

पुढं माझी मुलगी शाळेबरोबर म्युझियम बघायला गेली. काचेत तशीच शिंगवाली बाई होती म्हणे. घरी येऊन आजीला म्हणाली, "आजी, ह्यो काका न्हाय. रोमच्या राजाचं नाणं हाय."

"आसंना. माझं पोरगं काय राजापरीस कमी हुतं व्हय?" आत्याबाई हसल्या. आणि इतकी वर्षं नको नको म्हणणाऱ्या त्या, राजा बघायचाय म्हणून डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झाल्या.

पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिलं नाणं मागितलं. दारातल्या उन्हात धरून खूप वेळ बघितलं. मी उंबऱ्याला टेकून उभी होते. आता विचारतील, आता विचारतील.

"माझ्याच अंगठ्यानं झिजवला गं त्याला," त्या म्हणाल्या.

मी पुढं होऊन नाणं फडक्यात घेतलं आणि देवात परत ठेवलं.

त्यानंतर त्या जगल्या तितकी वर्षं त्यांनी नाण्याला हात लावला नाही. लांबूनच हात जोडायच्या. आता त्या नाहीत. देवपूजा माझ्याकडे आहे. वीराला मी फडक्यानंच उचलते. तरी कधी चुकून बोट लागतं, आणि जिथं नाक होतं तिथं ते थांबतं.