मामांनी भिंतीबाहेर ठेवलेले पाइप

पाणी आपल्याला भिऊन वागतं, अशी ठाम समजूत असलेला अख्ख्या शिरूर तालुक्यात एकच माणूस असेल, आणि तो आमच्या नात्यात आहे. हे आमच्या आत्याचे यजमान; आम्ही त्यांना मामा म्हणतो. रांजणगावच्या एका कंपनीत पाइप फिटर होते. निवृत्त झाले, पण पान्हा काही सुटला नाही. तो मोटरसायकलच्या डिकीत असतोच. निमोण्याच्या एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी मामा गायब. शोधलं तर मांडवामागच्या गळक्या नळापाशी उकिडवे बसलेले, नवा फेटा गुडघ्यावर. वर माझ्यावरच डाफरले, "आरं, लगीन कुणीबी लावंल. ह्यो नळ कोण बघणार?" कुणाच्याही घरी गेले की आधी स्टीलचा पेला भिंतीला लावून आतल्या पाण्याचा कानोसा घेतात, मग चहा.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आमचं घर उतारावर, त्यामुळे तळघराचं दार मागे वांग्याच्या वाफ्यांकडे सरळ उघडतं. पायऱ्या नकोत म्हणून आईची खोली तिथे केली. पण तिथलं न्हाणीघर बाबांच्या काळातलं: भिंतीवर उघडे, गंजके पाइप, आणि शॉवर म्हणजे तीन भोकांतून आळसानं गळणारं पाणी. अंघोळीसाठी आईला दोघांनी धरून वर न्यावं लागे. तिला त्याची इतकी लाज वाटायची की दोन-दोन दिवस "आज नगं" म्हणून टाळायची.

मी फरशीवाल्याला बोलावलं, पाइप भिंतीत गाडायचं ठरवलं. तासाभरात मामा दारात.

"गाडायला पाइप काय मेलाय व्हय?"

"चाचा, आजकल सब अंदर ही होता है," फरशीवाला म्हणाला.

"आन् गळाला म्हंजी? पुन्हा समदी फरशी फोडायची, पुन्हा वहिनी वर!"

त्यापुढे कुणाची टाप होती? मामांनी आठ दिवस तळघर ताब्यात घेतलं. नवे पाइप भिंतीबाहेरच, ओळीत, कंपनीतल्यासारखे रंगवलेले. गरम लाल, थंड निळा. हँडशॉवर किती उंचीवर हवा हे ठरवायला स्वतः खुर्चीवर बसले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी कॉक उघडला. निथळत बाहेर आले ते विजयी मुद्रेनं, "प्रेशर ओके!"

दुसऱ्या दिवशी आई एकटी आत गेली. नुसतं दार लोटून. मी आणि मामा बाहेर उभे. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "दाजी, पाणी लई ब्येस हाय!"

मामा हसतील असं वाटलं होतं. ते बाहेरून आत गेलेल्या पाइपवर हात ठेवून उभे राहिले.

"तुझ्या आत्याला बी शेवटी असंच धरून न्यावं लागायचं," ते हळूच म्हणाले. "करू, करू म्हणत ऱ्हायलो. जगाचे पाइप बसवले, घरचं ऱ्हायलं."

आत पाणी वाहतच होतं. टाकी रिकामी होईल म्हणून मी आईला हाक मारणार, तोच मामांनी माझा दंड धरला.

"ऱ्हाऊ दे. घेऊ दे तिला अंघोळ."